उचल, लाइन आणि हजेरीपट : कोडगू-चिकमगळूरच्या कॉफीमळ्यांतील मजुरांचा इतिहास

प्रास्ताविक

कॉफीचा इतिहास बहुधा पेयाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. येमेनमधील सूफींच्या खानकाहा, इस्तंबूलचे कहवाखाने, लंडनची कॉफीगृहे आणि मोकळ्या गप्पांची संस्कृती हे त्यातील ठराविक टप्पे. परंतु कॉफीचे फळ झाडावर एकाच वेळी पिकत नाही. एका फांदीवर लाल, पिवळी आणि हिरवी फळे एकत्र असतात व पिकलेली फळे हाताने वेचून काढावी लागतात. म्हणून कॉफीचा इतिहास हा जितका पिणाऱ्यांचा, तितकाच वेचणाऱ्यांचाही आहे. हा दुसरा इतिहास मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही.

प्रस्तुत लेखात दक्षिण भारतातील कोडगू (कुर्ग), चिकमगळूर व लगतच्या वायनाड या कॉफी-प्रदेशातील मजुरांच्या स्थितीचा १८३० ते २०२५ या काळातील आढावा घेतला आहे. तीन गोष्टींच्या आधारे हा इतिहास समजून घेता येतो. पहिली, मजुराला आगाऊ दिली जाणारी रक्कम म्हणजे उचल. दुसरी, मळ्यावर मजुरांसाठी बांधलेल्या खोल्यांची ओळ, म्हणजे लाइन. तिसरी, मजुराचे नाव जिथे लिहिले जाते अथवा लिहिले जात नाही, तो हजेरीपट. मजूर कोणाचा बांधील आहे, तो कोठे राहतो आणि कायद्याच्या दृष्टीने तो मजूर आहे की नाही, हे या तीन गोष्टींनी ठरत आले आहे.

कहवा ते कॉफी

पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहता यावे म्हणून कहवा पीत असत. या नव्या पेयाविषयी धर्मशास्त्रीय वादही झाला. इ.स. १५११ मध्ये मक्केत मामलूक अधिकारी खाइर बेग याने त्यावर बंदी घातली. ती फार काळ टिकली नाही. १५५८ च्या सुमारास अब्दुल कादिर अल्-जझीरी यांनी कहवा वैध असल्याचे प्रतिपादन करणारा अरबी ग्रंथ लिहिला आणि कॉफीच्या आरंभीच्या इतिहासाची बरीचशी माहिती त्यातूनच मिळते. भारतात सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात हे पेय ठाऊक होते. जहांगीरच्या दरबारी आलेल्या सर टॉमस रो याच्यासोबतचा पाद्री एडवर्ड टेरी याने त्याची नोंद केली आहे.

भारतात कॉफीचे झाड आणण्याचे श्रेय परंपरा सूफी संत बाबा बुडन यांना देते. हजहून परतताना त्यांनी मोखा बंदरातून सात बिया आणल्या व चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी ही कथा आहे. हा काळ साधारणतः १६७० च्या आसपासचा मानतात. कथेला समकालीन लेखी आधार नसला, तरी सतराव्या शतकाच्या अखेरीस मलबारात कॉफीची झाडे होती, हे निश्चित. डचांनी १६९६ व पुन्हा १६९९ मध्ये जावा बेटावर लावण्यासाठी कॉफीची रोपे नेली ती मलबारातूनच. बाबा बुडनगिरीचे स्थान दत्तपीठ म्हणूनही ओळखले जाते. दत्तभक्त आणि सूफी परंपरेचे अनुयायी अशा दोहोंची तेथे दीर्घकाळ ये-जा राहिली आहे. या स्थानाच्या व्यवस्थापनाचा वाद अनेक दशके न्यायालयांत चालला. तो या लेखाचा विषय नाही. येथे एवढीच नोंद पुरेशी आहे की, युरोपीय मळेवाले येण्यापूर्वी या डोंगरउतारांवर स्थानिक रयत घराच्या परसात आणि लहान तुकड्यांत कॉफी लावीत होती. म्हैसूर संस्थान या कॉफीवर ‘हलत’ नावाचा करही वसूल करीत असे. छोटा उत्पादक ही या प्रदेशातील अलीकडची घटना नसून तो सुरुवातीपासूनच तेथे होता. पुढील विवेचनात या मुद्द्याला महत्त्व आहे.

मळ्यांचा विस्तार आणि श्रमाचा प्रश्न

१८३० च्या सुमारास कॅनन या इंग्रज गृहस्थाने बाबा बुडनगिरीच्या दक्षिणेकडील डोंगररांगेत मळा सुरू केला. १८४३ मध्ये ग्रीन याने मंजराबाद भागात मळा घातला. १८३४ मध्ये कंपनी सरकारने कुर्गचे राज्य खालसा केले आणि १८५४ मध्ये मडिकेरीजवळ फाउलर याने तेथील पहिला युरोपीय मळा उभारला. पुढील पंधरा-वीस वर्षांत जंगल तोडून मळ्यांचा झपाट्याने विस्तार झाला.

जमीन मिळाली, पाऊस पुरेसा होता, सावलीची झाडे होती. प्रश्न होता तो माणसांचा. या डोंगराळ भागातील शेती कोणाच्या श्रमावर चालत होती, हे येथे पाहणे आवश्यक आहे. कुर्गमध्ये होलेय आणि येरव या समाजांतील कुटुंबे जमीनदार घराण्यांशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली होती. वायनाडमध्ये पणिय आणि अडिय यांची स्थिती तीच होती. मानंतवाडीजवळील वल्लियूरकावु देवस्थानच्या वार्षिक जत्रेत वर्षभरासाठी मजूर बांधून घेण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू होती. १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरील मालकी हक्क न्यायालयाने मान्य करू नये, असे ठरवले. परंतु या कायद्याने कोणालाही जमीन, घर किंवा पैसा दिला नाही. गुलामाला कोर्टाकडून परत आणता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. तो जाणार कोठे, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही.

मंजराबादचा मळेवाला रॉबर्ट इलियट याच्यासारख्या लेखकांनी कॉफीमळ्यांमुळे गरिबांच्या हाती रोख मजुरी आली, असा दावा केला आहे. हा दावा सर्वस्वी फेटाळता येत नाही. ज्याला धान्याच्या मापावर जन्मभर राबावे लागत होते, त्याच्या दृष्टीने आठवड्याच्या अखेरीस हातात पडणारी नाणी ही खरोखरीच नवी गोष्ट होती. परंतु ही मजुरी कोणत्या अटींवर मिळत होती, हे पाहिल्याशिवाय हा दावा पूर्ण तपासला जात नाही.

स्थानिक मजूर पुरेनासे झाल्यावर मळेवाल्यांनी घाटाखालच्या दक्षिण कानडा जिल्ह्यातून, म्हैसूरच्या मैदानी तालुक्यांतून आणि तमिळ मुलखातून माणसे आणण्यास प्रारंभ केला. भातकापणी आटोपली की ही माणसे घाट चढून येत आणि पावसाळ्यापूर्वी परतत. थंडीतापाच्या, म्हणजे हिवतापाच्या, भीतीने अनेक जण येण्यास कचरत. त्यांना आणणारा, कामाला लावणारा आणि त्यांच्या मजुरीवर कमिशन घेणारा मध्यस्थ म्हणजे ‘मेस्त्री’. सिलोनमध्ये त्यालाच ‘कंगाणी’ म्हणत. मळेवाला हंगामापूर्वी मेस्त्रीला रक्कम देई. मेस्त्री गावी जाऊन लग्नकार्य, आजारपण वा सावकाराचे देणे यांत अडकलेल्या कुटुंबांना त्यातील काही भाग उचल म्हणून देई. मग ते कुटुंब हंगामभर त्याचे बांधील होत असे.

मराठी वाचकाला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. बीड जिल्ह्यातून साखर कारखान्यांकडे निघणारी ऊसतोड कामगारांची कुटुंबे, त्यांना उचल देणारा मुकादम आणि नवरा-बायको मिळून मोजला जाणारा ‘कोयता’ ही तीच रचना आहे. बेळगाव जिल्ह्यातील कारखान्यांच्या परिसरातही ती दरवर्षी पाहायला मिळते. पीक वेगळे, प्रांत वेगळा; मजूर आणण्याची रीत मात्र एकच.

उचल आणि तुरुंग

मात्र एकोणिसाव्या शतकातील उचलीमागे केवळ मेस्त्रीचा दबाव नव्हता, तर तिच्यामागे फौजदारी कायदाही उभा होता. १८५९ चा तेरावा कायदा, म्हणजेच कामगार करारभंग कायदा, मूळचा कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या इलाखा-शहरांतील कारागिरांसाठी केलेला होता. पुढे तो इतरत्र लागू करण्यात आला व मळ्यांच्या मुलखात त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. त्याची रचना साधी होती. उचल घेऊन काम न करणाऱ्या मजुराविरुद्ध मालकाने मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची. मॅजिस्ट्रेटने मजुराला एक तर रक्कम परत करण्याचा अथवा काम पुरे करण्याचा आदेश द्यायचा. आदेश न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची कैद.

कर्ज न फेडणे ही एरवी दिवाणी बाब असते. कापडाच्या व्यापाऱ्याने उधारी बुडवली, तर त्याच्यावर दिवाणी दावा होई. मजुराने उधारी बुडवली, तर तो गुन्हेगार ठरे. उलटपक्षी, मालकाने मजुरी थकवली, तर त्याला कैदेत टाकण्याची तरतूद या कायद्यात नव्हती. करार दोन पक्षांत होत असला, तरी तुरुंग एकाच पक्षासाठी होता. १९०३ मध्ये मद्रास इलाख्याने मळ्यांसाठी स्वतंत्र मजूर कायदा केला, त्याचे सूत्रही हेच राहिले. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘उपासी’ या दक्षिण भारतीय मळेवाल्यांच्या संघटनेला मजुरांचा पुरवठा आणि बुडालेली उचल हे प्रश्न सतत सतावत राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. १८६९ मध्ये सिलोनमध्ये कॉफीच्या पानांवरील तांबेरा आढळला आणि लवकरच तो दक्षिण भारतात पोहोचला. त्याआधीच खोडकिड्याने कुर्गमधील अनेक मळे उजाड केले होते. सिलोनने कॉफी सोडून चहा धरला. कुर्ग-म्हैसूरमध्ये कॉफी टिकली, पण नफ्याची खात्री गेली. अशा काळात मळेवाल्याच्या हाती नियंत्रण करण्याजोगा एकच खर्च उरतो आणि तो म्हणजे मजुरी. रोग, भाव आणि पाऊस यांचा भार शेवटी उचलीच्या वहीवर येऊन पडत असे.

पहिल्या महायुद्धानंतर वातावरण बदलले. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली, १९२० मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. १९२५ मध्ये १८५९ चा कायदा रद्द करण्याचा निर्णय झाला व १ एप्रिल १९२६ पासून तो अमलात आला. परंतु कुर्गमध्ये याला पळवाट काढण्यात आली. तेथे १९२६ मध्येच स्वतंत्र कुर्ग मजूर कायदा करून करारभंगाची शिक्षा आणखी काही वर्षे चालू ठेवण्यात आली. १९३१ मध्ये तिची मुदत संपली. देशाच्या इतर भागांत जी गोष्ट गुन्हा राहिली नव्हती, ती कॉफीच्या या छोट्या प्रांतात आणखी पाच वर्षे गुन्हा होती.

चौकशी ते कायदा

१९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबर, म्हणजेच व्हिटली आयोगाचे एक सदस्य होते नारायण मल्हार जोशी. मुंबईच्या कामगार चळवळीचे हे अध्वर्यू सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत घडलेले होते. आयोगाच्या १९३१ च्या अहवालात मळ्यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. गिरणी कामगारांचा प्रश्न शहरात असल्याने तो वर्तमानपत्रांत येई. मळा मात्र रस्त्यापासून दूर, खाजगी जमिनीत आणि मालकाच्या परवानगीशिवाय आत जाता येणार नाही असा. त्यामुळे तेथील परिस्थितीची अधिकृत नोंद होणे हीच मोठी गोष्ट होती.

दुसरा मराठी दुवा अधिक थेट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्या कार्यकाळात, १९४४ मध्ये, श्रम चौकशी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते द. वि. रेगे. चहा, कॉफी आणि रबर यांच्या मळ्यांतील परिस्थितीवरचा रेगे यांचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. मजुरी, भरती, निवास, आरोग्य आणि शिक्षण या सर्व अंगांची त्यात पाहणी आहे. कारखान्यांसाठी कायदा होता, खाणींसाठी कायदा होता. मळ्यांतील राहणीमानाचे नियमन करणारा देशव्यापी कायदा मात्र नव्हता. ही उणीव या चौकशीने ठळकपणे पुढे आणली.

त्यानंतरच्या दशकात मजुरांच्या हक्कांची चौकट उभी राहिली. १९४८ चा किमान वेतन कायदा आला. त्याच वर्षीच्या १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या तेविसाव्या कलमात न्याय्य मोबदला, समान कामाला समान वेतन आणि संघटनेचा हक्क यांचा समावेश झाला. योगायोग असा की, भारतीय संविधानाचे तेविसावे कलमही श्रमाशीच निगडित आहे. ते माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई करते. त्याच्या इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हाच शब्द वापरलेला आहे, कारण इंग्रजीत त्या प्रथेला नेमका शब्द नव्हता.

१९५१ मध्ये जगजीवन राम मजूरमंत्री असताना मळे कामगार कायदा संमत झाला व १ एप्रिल १९५४ पासून अमलात आला. पिण्याचे पाणी, शौचालये, वैद्यकीय सोय, ५० वा अधिक स्त्रिया असलेल्या मळ्यावर पाळणाघर, १५० मजुरांमागे उपाहारगृह, मुलांच्या शिक्षणाची सोय, राहण्यासाठी घर, भरपगारी रजा आणि कामाच्या तासांवर मर्यादा अशी त्यातील तरतुदींची यादी आहे. १९८१ च्या दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणले. २०१० च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास पूर्ण बंदी केली आणि रसायनांच्या वापरासंबंधी सुरक्षेचे नियम घातले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा मळ्यांविषयीचा ११० क्रमांकाचा करार १९५८ चा, म्हणजे भारताच्या कायद्यानंतर सात वर्षांनी आलेला. भारत या बाबतीत मागे नव्हता, पुढेच होता, हे मान्य केले पाहिजे.

याच काळात कॉफीच्या दुसऱ्या टोकालाही एक महत्त्वाची घटना घडली. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करण्याचे ठरवल्यावर नोकरी गमावलेल्या कामगारांनी, ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने, १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. इंडियन कॉफी हाउस या नावाने ही गृहे आजही अनेक शहरांत चालतात. कॉफी वाढणारा कामगार मालक होऊ शकला; कॉफी वेचणाऱ्याच्या वाट्याला मात्र असे काही आले नाही.

पाच हेक्टरांची रेघ

१९५१ चा कायदा मुळात २५ एकर व ३० मजूर अशा मळ्यांना लागू होता. १९८१ मध्ये ही मर्यादा पाच हेक्टर व १५ मजूर अशी खाली आणली गेली. सुधारणा चांगली होती. परंतु कॉफीच्या बाबतीत तिचा अर्थ काय होतो, हे पाहण्यासाठी मळ्यांची रचना लक्षात घ्यावी लागते. भारतातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते आणि कोडगू हा देशातील सर्वाधिक कॉफी पिकवणारा जिल्हा आहे. कॉफी बोर्डाच्या वर्गीकरणानुसार देशातील ९८ टक्क्यांहून अधिक कॉफीधारक दहा हेक्टरांच्या आतील, म्हणजे लहान उत्पादक आहेत आणि त्यांतील बहुसंख्यांची जमीन फारच थोडी आहे. आसामच्या चहामळ्यासारखा हजार मजुरांचा मळा येथे अपवादानेच आढळतो.

परिणामी, ज्या कायद्याने पाळणाघर, घर आणि दवाखाना दिला, त्याच्या कक्षेबाहेर बहुसंख्य कॉफीधारकांची शेते राहिली. तेथे वेचणी करणाऱ्या स्त्रीला किमान वेतनाचा हक्क आहे. परंतु मूल सांभाळण्याची जागा मागण्याचा हक्क नाही. मर्यादेच्या आत येणाऱ्या मळ्यांतही हंगामी मजुराची अडचण उरते. मळ्याबाहेर राहणाऱ्या मजुराला घर मागण्यासाठी सलग सहा महिन्यांची सेवा दाखवावी लागे. अरेबिकाची वेचणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी आणि रोबस्टाची त्यानंतर मार्चपर्यंत चालते. एका मळ्यावर दोन-तीन महिने वेचणी करून जाणाऱ्या माणसाला सहा महिने दाखवता येत नाहीत. शिवाय मजूर मेस्त्रीमार्फत आला असेल आणि वेचलेल्या किलोंवर पैसे घेत असेल, तर त्याचे नाव हजेरीपटावर मालकाच्या रकान्यात येईलच असे नाही. जोडीदार किंवा मुलांनी वेचलेली फळे एकाच्या नावावर तोलली जातात. काम चार हातांचे होते आणि नोंद दोन हातांची राहते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या. मळे कामगार कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झाला, तर किमान वेतन आणि समान वेतनाच्या तरतुदी वेतन संहितेत गेल्या. कॉफीमळ्यासाठी पाच हेक्टरांची अट मात्र नव्या संहितेतही कायम आहे.

लहान उत्पादकाची बाजूही येथे मांडली पाहिजे. दोन-तीन एकरांच्या धारकाला दवाखाना वा पाळणाघर बांधणे शक्य नाही, हे उघड आहे. पण त्यावरून मजुराचा हक्क संपतो, असे अनुमान निघत नाही. निघतो तो एवढाच निष्कर्ष की, हा हक्क पुरवण्याची जबाबदारी एकट्या मालकावर न टाकता ग्रामपंचायत, सहकारी संस्था आणि राज्य शासन यांच्यात वाटली पाहिजे. मळ्याचा आकार लहान असला, तरी मजुराचे मूल लहान होत नाही.

लाइनीतले घर

मळे कामगार कायद्याने मजुराला घर दिले, ही या कायद्याची मोठी देणगी. पण हे घर मालकाचे असते. काम असेपर्यंत छप्पर. काम सुटले की छप्पर सुटले. कोडगूमध्ये या खोल्यांना ‘लाइन मने’ म्हणतात. कित्येक येरव, जेनु कुरुब आणि बेट्ट कुरुब कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या अशा लाइनींमध्ये राहत आली आहेत. त्यांतील अनेकांचे मूळ वास्तव्य नागरहोळेच्या जंगलात होते. अभयारण्याच्या व राष्ट्रीय उद्यानाच्या धोरणांमुळे ते बाहेर पडले आणि मळ्यांवर आले. स्वतःच्या नावाची जागा नसल्याने शिधापत्रिका, मतदार यादी आणि जातीचा दाखला मिळण्यात अडचणी. मालकाकडून आजारपणासाठी घेतलेली रक्कम फिटेपर्यंत दुसऱ्या मळ्यावर जाण्याची मोकळीक नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्दबातल ठरवले आहे. पण कर्ज वहीतच नसेल, तर रद्द तरी काय करायचे?

या प्रश्नाची तीव्रता डिसेंबर २०१६ मध्ये देशासमोर आली. कोडगूच्या विराजपेट तालुक्यातील दिड्डळ्ळी येथे वनजमिनीवर झोपड्या बांधून राहिलेल्या शेकडो आदिवासी कुटुंबांच्या झोपड्या वनखात्याने पाडल्या. यांतील अनेक कुटुंबे मळ्यांच्या लाइनी सोडून आलेली होती. त्यांची मुख्य मागणी मजुरीवाढीची नव्हती. त्यांना स्वतःच्या नावावर घर आणि जमीन हवी होती. दीर्घ आंदोलनानंतर २०१८ मध्ये बसवनहळ्ळी व ब्याडगोट्टा येथे त्यांच्या पुनर्वसनाची व्यवस्था झाली. १८४३ च्या कायद्याने जो प्रश्न विचारला नव्हता, म्हणजे सुटलेला माणूस जाणार कोठे, तोच प्रश्न १७३ वर्षांनी दिड्डळ्ळीच्या झोपड्यांनी विचारला.

स्थानिक मजूर कमी होत गेले तसे गेल्या काही वर्षांत आसाम, पश्चिम बंगाल आणि झारखंडमधून मजूर कोडगू व चिकमगळूरला येऊ लागले. त्यांत बंगाली भाषक मुसलमानांची संख्या लक्षणीय आहे. भाषेवरून त्यांच्या नागरिकत्वाविषयी संशय घेतला जातो आणि कागदपत्रांची तपासणी वारंवार होते. मजुरी थकली, तरी तक्रार नेण्यापूर्वी असा मजूर दहा वेळा विचार करतो, कारण तक्रारीच्या कचेरीत पहिला प्रश्न मजुरीविषयी नसून त्याच्या गावाविषयी असतो. ज्याला स्वतःचे अस्तित्वच सिद्ध करावे लागते, त्याला वेतनाचा फरक मागणे कठीण जाते.

भाव, शिक्के आणि मजुरी

मळ्यातील मजुरी मळ्यातच ठरत नाही. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोटा पद्धत १९८९ मध्ये कोसळली. भारतातही कॉफी बोर्डाची सामूहिक खरेदी नव्वदीच्या दशकात टप्प्याटप्प्याने संपुष्टात आली व उत्पादक खुल्या बाजारात उभा राहिला. २००१-०२ मध्ये जागतिक भाव तीस वर्षांतील नीचांकाला गेले तेव्हा कोडगू व वायनाडमधील मळ्यांवर मजूरकपात झाली. २०२५ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाचा भाव पौंडाला चार डॉलरांपुढे गेला. भाव पडतात तेव्हा मजुरी लगेच गोठते. भाव चढतात तेव्हा ती त्याच वेगाने चढत नाही.

ग्राहकाच्या बाजूने झालेले प्रयत्नही नोंद घेण्याजोगे आहेत. डच अधिकारी एदुआर्द दाउवेस देक्कर याने जावामधील सक्तीच्या लागवडीतील अन्याय ‘मुल्तातुली’ या टोपणनावाने लिहिलेल्या ‘माक्स हावेलार’ या १८६० च्या कादंबरीत मांडला होता. त्याच नावाने १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये न्याय्य व्यापाराचा शिक्का सुरू झाला. २०२३ पासून जर्मनीत पुरवठा साखळीविषयीचा कायदा लागू झाला आणि भारतीय कॉफीच्या महत्त्वाच्या ग्राहकांपैकी जर्मनी एक आहे. परंतु शिक्का पाकिटावर असतो आणि तपासनीस हजेरीपट पाहतो. ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याच्यापर्यंत शिक्का कसा पोहोचणार, हा प्रश्न उरतोच.

समारोप

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे महासंचालक हुआन सोमाविया यांनी १९९९ मध्ये ‘प्रतिष्ठेचे काम’ ही संकल्पना मांडली. रोजगार, हक्क, सामाजिक संरक्षण आणि संवाद हे तिचे चार आधार. कोडगू-चिकमगळूरचा इतिहास पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. तुरुंगाची धमकी १९३१ मध्ये संपली, पण उचल संपली नाही. घराचा हक्क १९५४ मध्ये आला, पण घर मालकाचेच राहिले. हक्कांची यादी दर दशकात वाढत गेली, पण त्या यादीत बसण्यासाठी हजेरीपटावर नाव असावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाहून कमी पैशांत काम करावे लागणे हीदेखील वेठबिगारच, असा निर्वाळा दिला. भूक हीसुद्धा सक्तीच असते, हे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी त्या निकालात मान्य केले. हे तत्त्व मळ्याच्या आकाराशी बांधलेले नाही, हे त्याचे मोल.

या इतिहासाची शब्दसंपदाही बोलकी आहे. मेस्त्री हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आला, मराठीतला मिस्त्री त्याचाच भाऊ. मुकादम म्हणजे अरबीत पुढे ठेवलेला. हजेरी ‘हाजिर’वरून, हक्क अरबीतून, तर बेगार फारसीतून. आणि मजूर? फारसी ‘मुज्द’ म्हणजे वेतन. ज्याला वेतन आहे तो मुज्दूर, म्हणजे मजूर. बेगाराहून त्याला वेगळा करणारी खूण त्याच्या नावातच आहे. ऊसतोडीच्या पट्ट्यातील महाविद्यालयांत इतिहास, अर्थशास्त्र किंवा भाषा शिकवणाऱ्या अध्यापकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. उचल म्हणजे काय, हे त्यांच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाआधीच माहीत असते. दिवाळीनंतर वर्गातील कोणत्या जागा रिकाम्या होतात आणि मार्चअखेर त्यांपैकी किती पुन्हा भरतात, याची नोंद ठेवली, तर श्रमाच्या इतिहासाचे एक अस्सल साधन आपल्याच हजेरीपटात सापडेल.